बावीस जोड चपला

अण्णा,

मी समुद्रात गेले. कमरेच्या वर, एकदा तर खांद्यापर्यंत. एकटी गेले नाही, विहारातल्या बावीस मुलामुलींना सोबत घेऊन गेले, आणि ती सगळी सुखरूप आपापल्या घरी पोचली आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढच्या गोष्टीत तुमचं लक्ष लागायचं नाही. आज रविवार. सकाळी विहारात पालकांची बैठक झाली, तिथून येऊन जेवले, आई आतल्या खोलीत पंखा लावून पडली आहे, आणि मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, पण जे घडलं ते तुम्हाला पटण्यासारखंच होतं. शिक्षण झालं, नोकरी लागली, आईच्या गोळ्या वेळेवर आणते. ते काय लिहायचं? हे मात्र तुम्हाला पटलं असतं की नाही, मला ठरवता येत नाही.

फरशी अजून तीच आहे, काळी शहाबादी. मी शाळेत गेले ती एकदम चौथीत. त्याआधी मला दमा होता, धूळ लागली की धाप लागायची, म्हणून तुम्ही म्हणालात, शाळा घरीच. आई सात वाजता दवाखान्यात आयाच्या कामाला निघायची आणि तुम्ही पहाटेची पाळी करून नऊला घरी यायचात. तांदूळ धुतलेलं पाणी वाटीत काढून ठेवलेलं असायचं. त्यात बोट बुडवून तुम्ही या फरशीवर अक्षरं काढायचात आणि मी त्यांच्या शेजारी माझी काढायची. अक्षर वाळायच्या आत शब्द पुरा झाला पाहिजे, हा नियम. पाटी नव्हती असं नाही, पाटी होती. पण तुम्ही म्हणायचात की पाटीवर पुसता येतं, त्यामुळं माणूस बेफिकीर होतो. उन्हाळ्यात तुम्ही मला जोडाक्षरं देत नव्हता. "आता नको पोरी, पाणी थांबत नाय." पावसाळा लागला की मग 'विद्यार्थी' आणि 'स्वातंत्र्य'. माझं अक्षर चांगलं आहे असं आजही ऑफिसात म्हणतात. त्यांना काय माहीत, मी ते घाईत शिकले आहे.

तुम्ही पाणी खात्यात लाइनमन होता, हे मी शाळेच्या अर्जावर लिहायची. पण गल्लीत तुम्हाला सगळे पाणीवालेच म्हणायचे. तुमची ती व्हॉल्व्ह फिरवायची, माझ्या डोक्याएवढी उंच लोखंडी चावी, सायकलच्या दांड्याला बांधलेली. या गल्लीला पाऊण तास, त्या गल्लीला पाऊण तास, मग पुढची. मला घड्याळ तुम्ही त्या पाऊण तासांवरच शिकवलं. आणि एक दिवस, मी आठ वर्षांची असेन, तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून कामावर नेलंत. आपल्याच गल्लीची वेळ संपली होती. तुम्ही व्हॉल्व्ह बंद केलात, चावी तिथंच खड्ड्यात उभी ठेवलीत आणि टपरीवर चहा घ्यायला गेलात. तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. त्यांचं टिपाड अर्धंच भरलं होतं. "ये गं, तुझ्या बापाला काय कळतंय," म्हणाल्या. त्यांनी एका बाजूनं जोर लावला, मी दुसऱ्या बाजूनं लोंबकळले. अर्धा फेरा फिरला असेल नसेल. तुम्हाला टपरीवरून बघावंही लागलं नाही. नळीतला आवाज बदलला तसे तुम्ही कप ठेवून आलात. मावशींना काही बोलला नाहीत. चावी फिरवून बंद केलीत, मला सायकलवर बसवलंत आणि सरळ शेवटच्या गल्लीत नेलंत. तिथं एक म्हातारी नळाखाली घागर लावून बसली होती. नळाला सुतासारखी धार. "बघ," तुम्ही म्हणालात, "हा तुझा अर्धा फेरा." आणि ती घागर भरेपर्यंत मला तिथं उभं केलंत. ती भरली नाही. वेळ संपली.

तुम्ही मला मारलं असतं तर मी विसरले असते.

तेव्हापासून मी अशीच आहे, अण्णा. गॅसचं बटण तीनदा बघते. औषधाच्या कंपनीत तपासणीच्या विभागात काम करते, तिथं माझ्या हातून गेलेली पेटी पुन्हा उघडत नाहीत, एवढा विश्वास. पण मी घरी येऊन विचार करते की ती पेटी नीट बंद झाली होती का. आई म्हणते, "तुझ्या बापानं तुला मापून वाढवलं गं. जरा सांडू दे की." तिचं ऐकून मी हसते, आणि बादली काठोकाठ भरायच्या दोन बोटं आधी नळ बंद करते.

चपलांचंही सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं चपलांमुळंच झालं. मी चौथीत जायला निघाले तेव्हा तुम्ही मला गुलमंडीच्या बाजारात नेऊन सँडल घेऊन दिल्या होत्या, निळ्या, एक नंबर मोठ्या. दुकानदार म्हणाला, मोठ्या होतात. तुम्ही म्हणालात, पायच मोठा होईल. आणि दुकानाच्या पायरीवरच शिकवलंत: काढायच्या तेव्हा शेजारी शेजारी, टाचा आत, चवडे बाहेर, म्हणजे निघताना वळावं लागत नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात बाकीचे लोक माळा, माईक, खीर अशी कामं मागून घ्यायचे आणि तुम्ही चपलांचं काम मागून घ्यायचात. शे-दोनशे जोड असे लावायचात की बाहेर आलेला माणूस आपली चप्पल बघून थबकायचा. मी रविवारचा वर्ग घ्यायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मुलांना काय शिकवलं असेल? पंचशील नंतर. आधी चपला.

आता सहल. माझ्या वर्गात बारा ते सतरा वयाची मुलं आहेत. त्यांतल्या एकानंही समुद्र बघितला नव्हता. मी तरी कुठं बघितला होता? तुम्ही सहा डिसेंबरला दादरला जायचात, तेव्हा मी विचारलं होतं, अण्णा, समुद्र कसा असतो? तुम्ही विचार करून म्हणाला होतात, "लई पाणी. पण कामाचं नाय." वर्षभर ठरवता ठरवता या वर्षी तीन दिवसांची कोकणची सहल निघाली. संमतीपत्र मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, मुद्दे घालून. तिसरा मुद्दा असा होता: कोणत्याही विद्यार्थ्यास समुद्राच्या पाण्यात उतरू दिले जाणार नाही. बावीस घरांतून बावीस सह्या आल्या, त्यांत दोन अंगठे. ती फाइल मी तिन्ही दिवस पिशवीत घेऊन हिंडत होते.

सोबत मोठी माणसं आम्ही तिघं. मी, विहाराच्या कार्यक्रमांना स्वयंपाक करणाऱ्या फुलंब्रीच्या मावशी, आणि बस चालवणारे शहागंजचे चाचा. राहायला एका मासेमारी करणाऱ्या काकांचं घर होतं, अंगण ओलांडलं की सुरूची झाडं, आणि झाडांपलीकडं तो. पहिल्या दिवशी मुलं झाडांतून बाहेर आली आणि गप्प झाली. बावीस मुलं एकदम गप्प झालेली मी वर्गात कधी बघितली नाहीत. मग एक जण म्हणाला, "ताई, याला पलीकडचा काठच नाही?" आणि मी, अण्णा, काय म्हणाले असेन? "घोट्याच्या वर पाणी येता कामा नये."

दोन दिवस ती मुलं घोट्यापर्यंत उभी राहिली. किल्ला बघितला, बंदर बघितलं, शंख गोळा केले, आणि संध्याकाळी रांगेनं घोट्यापर्यंत. मी काठावर उभी राहून बघायची, कोणाची सलवार भिजली, कोणाची पँट. एक मुलगी आहे, सोळा वर्षांची, मुकुंदवाडीची, वडील रिक्षा चालवतात. ती दर दहा मिनिटांनी वळून विचारायची, "ताई, गुडघ्यापर्यंत?" मी नाही म्हणायची. "ताई, अर्ध्या पोटरीपर्यंत?" नाही. "ताई, मी इथंच खाली बसले तर? पाणी घोट्यापर्यंतच आहे, मीच खाली आले." सगळी हसायची आणि मलाही हसू यायचं, पण मी नाहीच म्हणायची. मावशी मागून म्हणायच्या, "लगनाला आणलं आन् नवरीच दावंना."

हे मी भीतीपोटी आंधळेपणानं करत होते असं समजू नका. पहिल्याच दिवशी मी काकांना सगळं विचारून वहीत लिहून घेतलं होतं. खडक कुठं आहेत, खोल कुठून होतं, पाणी कधी चढतं, कधी उतरतं. ती मुलगी तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती. काका जाळं विणता विणता म्हणाले, "घाबरायचं ते उतरत्या पाण्याला, ताई. उतरतं पाणी ओढून नेतं. चढतं पाणी सगळं काठाला ढकलून आणतं. आंघोळ करायची तर चढत्यावर, या घरासमोर, खडकांकडं नाय." मी सगळं लिहून घेतलं. शेवटच्या दिवशीची वेळही: आठपर्यंत ओहोटी, मग दोनपर्यंत भरती. वहीत चौकट करून लिहिलं. आणि तरीही माझ्या डोक्यात भरती म्हणजे काय होतं, सांगू? टिपाड भरतं ती. पाणी आहे तिथंच राहून वर चढतं, खोल होतं, वेळ झाली की थांबतं. आपल्याकडं पाणी कधी माणसाकडं चालत आलं आहे? आपणच हंडा घेऊन त्याच्याकडं जातो.

तर शेवटचा दिवस. बस साडेअकराला निघायची होती. मी ठरवलं होतं की किनाऱ्यावरच वंदना घ्यायची, मग गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं सहलीतली एक आवडलेली गोष्ट सांगायची. साडेआठ वाजता खाली गेलो. पाणी लांब गेलेलं होतं आणि त्याच्या अलीकडं वाळू अशी घट्ट आणि सपाट, जणू कोणी थापी फिरवली आहे. वर झाडांजवळची वाळू भुसभुशीत, तिथं चपला काढल्या तर आत वाळू जाणार आणि मग ती बसमध्ये. मी म्हणाले, "चपला इथं लावा. टाचा आत, चवडे बाहेर." मुलांनी लावल्या. बावीस जोड, एका सरळ रेषेत, चवडे समुद्राकडं; टोकाला माझा तेविसावा. मी मागं सरकून बघितलं आणि खरं सांगते, तुमची आठवण झाली. एवढी सुंदर रांग विहारासमोरही कधी लागली नव्हती. मग आम्ही वर झाडांच्या सावलीत गेलो. चाचाही येऊन कडेला बसले होते, टोपी काढून, आमचं पंचशील संपेपर्यंत गप्प.

मुलं बोलायला लागली. कोणाला बंदरातल्या बोटी आवडल्या, कोणाला मावशींच्या हातचं पिठलं, तेही कोकणात येऊन. एकजण म्हणाला, चाचांची गाणी. चाचा लाजले. वेळ लागत होता, पण मला बरं वाटत होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, बावीसच्या बावीस डोळ्यांसमोर होती. मग त्या मुलीची पाळी आली. ती उभी राहिली, हात पाठीमागं, अगदी शाळेत उभी राहावी तशी.

"मला समुद्र आवडला," ती म्हणाली. "लांबून."

आणि बसली. कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिच्या बोलण्यात खोचकपणाही नव्हता. तिला जे वाटलं ते तिनं सांगितलं होतं, मी त्यांना तसंच शिकवलं आहे. ज्याची पुढची पाळी होती तो मुलगा माझ्याकडं बघत बसला. मी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी. दीड तासानं बस सुटणार, मग चौदा तास घाट आणि रस्ता, आणि मग ही मुलं पुन्हा समुद्रापाशी कधी येतील? काही कधीच येणार नाहीत. आणि ती आयुष्यभर सांगणार, गेलो होतो की, लांबून बघितला.

तेव्हाच चाचा उठून उभे राहिले आणि कपाळावर हात धरून खाली बघायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "वो चपलां अपनेच बच्चों के हैं ना?"

"हो चाचा, का?"

"देखो फिर. सब सैर कू निकल गए."

आम्ही सगळे उठलो. जिथं रांग होती तिथं पाणी होतं. पाणी तिथवर आडवं चालत आलं होतं, निवांत, एक आवाज न करता, आणि चपला उचलून घेऊन गेलं होतं. लाल, काळ्या, निळ्या, पांढऱ्या, काही जोडीनं, काही एकट्या, लाटांवर चढत होत्या आणि उतरत होत्या. माझ्याच रांगेतली माझी चप्पल सगळ्यांत पुढं होती. मावशींनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "आता गं माय! लाइनीत लावल्या म्हणून लाइनीतच गेल्या."

मुलं धावली. मी "थांबा!" असं एवढ्या जोरात ओरडले की काकांच्या अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. आणि ती थांबली, अण्णा. पाण्याच्या रेषेवर, बावीस मुलं, अनवाणी, थांबली आणि मागं वळून माझ्याकडं बघायला लागली. एकाचे गेलेले बूट त्याच्या मोठ्या भावाचे होते, सहलीसाठी मागून आणलेले. एकीच्या चपला अगदी कोऱ्या होत्या. ती रडायच्या बेतात होती. माझ्या खांद्याला पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये तिसरा मुद्दा. मला काकांचं सगळं बोलणं आठवत होतं: चढतं पाणी आहे, घरासमोर आहे, खडक लांब आहेत, शंभर पावलं उथळ आहे. आणि चढतं पाणी सगळं काठाला ढकलून आणतं, हेही आठवत होतं. थोडा वेळ उभे राहिलो असतो तर बहुतेक चपला समुद्रानंच आणून दिल्या असत्या. हे मला त्या क्षणी माहीत होतं. मी फाइलची पिशवी चाचांच्या हातात दिली.

"साखळी करा," मी म्हणाले. "हात सोडायचा नाही. मोठे पुढं, लहान काठाकडं. सगळ्यांच्या पुढं मी."

त्या मुलीनं सगळ्यांत आधी येऊन माझा हात धरला. एवढा घट्ट की अंगठी रुतली. आम्ही निघालो. पाणी घोट्यापर्यंत आलं, ते ओळखीचं होतं. मग पोटरी, मग गुडघे, आणि मग पहिली लाट आली ती माझ्या पोटावर आपटली आणि मी एकदम जो आवाज काढला तो ऐकून अख्खी साखळी हसायला लागली. ताई किंचाळली! मी वळून बघितलं तर बावीस तोंडं उघडी, दात दिसतायत, कोणी खारट थुंकतंय. चपला सापडत होत्या. कोणी पायानं अडवत होतं, कोणी मोकळ्या हातानं पकडून काठाकडं फेकत होतं, तिकडं चाचा धोतराचा नव्हे पण पायजम्याचा काचा मारून धावत धावत गोळा करत होते आणि प्रत्येक चपलेला शिवी देत होते, हळू, मुलांना ऐकू जाणार नाही अशी. काका हातातलं जाळं बाजूला ठेवून काठावर येऊन उभे राहिले. त्यांनी सांगितलं नाही की उगाच कशाला उतरलात. त्यांनी फक्त हातानं दाखवलं, अजून दहा पावलं जा, चालेल.

चपला बहुतेक मिळाल्या. कोणी बाहेर यायचं नाव काढेना, आणि मीही काढलं नाही. मावशी लुगडं खोचून आल्या आणि उथळ पाण्यात सरळ मांडी घालून बसल्या. एक लाट त्यांच्या मांडीवरून गेली, दुसरी गेली. मी म्हणाले, "मावशी, थंडी वाजंल." त्या म्हणाल्या, "वाजू दे. सकाळपास्नं येतंय आन् जातंय, कुनी नंबर लावंना, कुनी भांडंना. बस की तू बी."

मी बसले. तुम्हाला हेच सांगायचं होतं, आणि हेच नीट सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यात बसले होते आणि ते कोणाच्या वाट्याचं नव्हतं. मी अंगावर घेतलं म्हणून शेवटच्या घरी कमी पडणार नव्हतं. मी ओंजळीत घेत होते आणि सांडत होते, पुन्हा घेत होते आणि सांडत होते, लहान मूल करतं तसं. तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर आहे, पाणी कामाचं नाही. पिता येत नाही, डाळ शिजत नाही. अण्णा, कामाचं नाही म्हणूनच ते मला इतकं आवडलं. तुम्ही दादरला गर्दीत उभं राहून त्याच्याकडं बघत होतात तेव्हा पायजमा वर करून आत गेला होतात का? मी कधी विचारलं नाही. गेला असाल आणि आम्हाला सांगितलं नसेल, असं आता मला वाटतं. तुमचा चेहरा आठवून बघते तर तो तसं केलेल्या माणसाचाही असू शकतो.

साखळी तुटली होती. काकांनी दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवून दिली होती, त्यांच्या मधे खेळायचं. मी मोजत होते, बावीस, पुन्हा बावीस. मधे केव्हातरी मोजायचं थांबले; त्या मुलीनं पाठीमागून येऊन मला ढकललं होतं आणि मी खांद्यापर्यंत बुडून वर आले होते. तिला वाटलं मी रागावणार. मी तिच्यावर पाणी उडवलं. ती क्षणभर बघतच राहिली, मग ओरडली, "ए, ताई खेळतीय!" आणि मग बावीसजण माझ्यावर. बस साडेअकराऐवजी एकला निघाली. चाचांनी एकदाही हॉर्न दिला नाही.

तीन चपला गेल्या त्या गेल्याच, तिन्ही वेगवेगळ्या जोडांतल्या, त्यात माझी डावी. भावाचे बूट मिळाले, कोऱ्या चपलाही मिळाल्या. बसच्या खिडक्यांत सगळ्या चपला वाळत घातल्या होत्या, घाट चढताना त्या हलायच्या. मुलं मिठानं पांढरी झालेली, एकमेकांच्या अंगावर झोपलेली. मी अनवाणी पाय समोरच्या दांड्यावर ठेवून जागी होते आणि बैठकीत काय सांगायचं ते मनात जुळवत होते. लपवायचं नाही, हे ठरलेलंच होतं.

आज सकाळी उभी राहिले. फाइल उघडून तिसरा मुद्दा वाचून दाखवला आणि म्हणाले, हा मुद्दा मी मोडला. काय झालं ते सांगितलं. चपला पाण्यात गेल्या, मुलं अनवाणी झाली, म्हणून उतरलो. माझ्याकडून चूक झाली, सगळ्यांची माफी मागते.

मग कोऱ्या चपलावाल्या मुलीची आई म्हणाली, "ताई, ते पाण्यात जायचं नाय असं आमी कुटं म्हणलं व्हतं? तुमीच लिवलं, आमी सही केली." बाया हसल्या. मागून एक बाप म्हणाला, "माझं पोरगं आल्यापासनं हात चाटून बघतंय, अजून खारट लागतंय म्हणतं." आणखी हसू. फक्त पुढं बसलेले एक आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, जे पाळायचं नाय ते लिहू नको. लिहिलं तर पाळ." मी म्हणाले, हो आजोबा. ते बरोबर बोलले, तुमच्यासारखं बोलले, आणि मला त्यांचा राग आला नाही. मग मावशींनीच बाजू घेतली. "आवो, चपलांपायी उतरली ती. लेकरं काय चौदा तास उघड्या पायानं आणायची व्हती व्हय?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. चपलांपायी. मग काय करणार. बरोबरच आहे. आजोबांनीही मान डोलावली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. शेवटच्या ओळीत ती रिक्षावाल्यांची मुलगी बसली होती. तिनं काकांचं बोलणं माझ्याइतकंच नीट ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत होती, ओठ मिटून, डोळ्यांनी हसत. मी त्यांना दर रविवारी चौथं शील म्हणायला लावते, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं, आणि मूर्तीसमोर उभी राहून मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. बैठक संपली. बाहेर येऊन चपला घातल्या, नव्या घेतलेल्या, आणि घरी आले.

पुढच्या रविवारी उभं राहून सांगावं का? दोन तास झाले, विचार करते आहे. आईला सांगितलं तर ती म्हणेल, सोड गं. मावशींना सांगितलं तर अख्ख्या फुलंब्रीला कळेल. मला हे अशा कोणाला तरी सांगायचं होतं, ज्याला ते पटणार नाही आणि जो ते कोणाला सांगणारही नाही. म्हणून तुम्ही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, याचं बरंच वाटतंय; तुम्ही समोर असता तर मी तुमचीही माफी मागितली असती, आणि तीही खोटीच निघाली असती.

चपलांसाठी नव्हते उतरले, अण्णा. मलाच जायचं होतं.